संकल्प आणि उदक

मराठी गद्याचा विस्तार मोजावयास बसलें तर कादंबरी, निबंध, चरित्र आणि वृत्तपत्रीय लेख यांच्या जोडीला आज आणखी एका प्रकाराची नोंद करावी लागेल. शिक्षणसंस्था, बँका, सहकारी संघ, धर्मादाय रुग्णालयें आणि सरकारी खातीं हीं सर्व आपल्या पुढील पांच-दहा वर्षांचे आराखडे छापून प्रसिद्ध करितात. आरंभीं ‘आमची दृष्टि’, मग ‘आमचें ध्येय’, मग ‘मूल्यें’, मग ‘धोरणात्मक उद्दिष्टें’ आणि शेवटीं ‘नवोपक्रम’ असा त्यांचा क्रम जवळजवळ ठरून गेला आहे. एखादी कादंबरी गाजली कीं तिच्यावर चार टीकालेख येतात. या वाङ्मयावर एकहि येत नाहीं. तें कोणी वाचीतच नाहीं, मग टीका कशाची करावयाची, असें कोणी म्हणेल. परंतु मुलाला अगर मुलीला कोणत्या संस्थेंत घालावें हा प्रश्न दर जून महिन्यांत घरोघर पडतो, आणि त्या वेळीं पुढें येणारें पहिलें छापील पान बहुधा याच वाङ्मयाचें असतें. ज्या गद्यावर विसंबून माणसें आपलीं मुलें आणि आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या स्वाधीन करितात, त्याची पारख करणें हें टीकाकाराचेंच काम आहे, असें आम्ही समजतों.

हा प्रकार इतका कां फोफावला याचीं कारणें उघड आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृति परिषद, म्हणजे बोलण्यांतली ‘नॅक’, १९९४ सालीं स्थापन झाली. तिनें महाविद्यालयांच्या तपासणीसाठीं जे सात निकष लावले, त्यांत कारभार, नेतृत्व व व्यवस्थापन हा एक स्वतंत्र निकष होता; त्यामुळें आपण धोरण कसें आंखतों व कसें अमलांत आणतों हें कागदोपत्रीं दाखविणें संस्थांस भाग पडलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेला विकास-आराखडा करावयास सांगितलें, आणि २०२४ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें त्याचीं मार्गदर्शक तत्त्वेंहि प्रसिद्ध केलीं. मध्यंतरीं, २०१८ पासून, महाविद्यालयांत नवोपक्रम-परिषदा स्थापन होऊं लागल्या होत्या. या सर्वांचा हेतु चांगला होता, यांत आम्हांस शंका नाहीं. संस्थेनें डोळे मिटून चालूं नये, पुढचा विचार करावा आणि तो चारचौघांपुढें मांडावा, ही अपेक्षा अगदीं रास्त आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, जें लिहिलें जातें त्यांत विचार किती आणि विचाराचा पोशाख किती?

मासल्यासाठीं एक वाक्य घेऊं. ‘सर्वांगीण, मूल्याधिष्ठित, समाजाभिमुख आणि जागतिक दर्जाच्या शिक्षणाद्वारें उद्यांचे सक्षम नागरिक घडविण्यास आमची संस्था कटिबद्ध आहे.’ हें वाक्य आम्हीच रचलें आहे. कोणा एका संस्थेच्या पदरीं तें बांधण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वाचकांनीं तें हातीं लागेल त्या पत्रकांत घालून पाहावें. सांधा दिसणार नाहीं. या वाक्यांत विशेषणें चार आहेत आणि क्रियापद नांवापुरतें. कटिबद्ध म्हणजे कंबर कसलेला. कंबर कसून हा गृहस्थ निघाला कोठें, किती कोस जाणार आणि घरीं काय ठेवून जाणार, याचा मात्र पत्ता नाहीं. शिवाय या वाक्याला विरोधी वाक्यच संभवत नाहीं. ‘आम्ही एकांगी, मूल्यहीन व समाजविन्मुख शिक्षण देऊं’ असें कोणी वेडा माणूसहि छापणार नाहीं. ज्या वाक्याच्या उलट बोलणें कोणालाच शक्य नाहीं, तें वाक्य म्हणजे कांहीं निवडल्याचा पुरावा नव्हे. आणि जेथें निवड नाहीं तेथें धोरणहि नाहीं.

आपल्याकडे अशा प्रतिज्ञेसाठीं फार जुना शब्द आहे, तो म्हणजे संकल्प. सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत घरांतलें कोणतेंहि कर्म संकल्पावांचून सुरू होत नाहीं. त्या संकल्पांत स्थळ सांगावें लागतें, तिथि सांगावी लागते, करणाऱ्याचें नांव व गोत्र सांगावें लागतें, कोणतें कर्म कशासाठीं करितों तें सांगावें लागतें. आणि एवढें झाल्यावर हातांतून ताम्हनांत पाणी सोडावें लागतें. दान देतांनाहि तसेंच पाणी सोडतात. त्यावरूनच एखाद्या वस्तूवर ‘उदक सोडणें’ म्हणजे तिच्यावरचा आपला हक्क कायमचा टाकणें, असा अर्थ मराठींत रूढ झाला. या विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यामागची समजूत शहाणपणाची आहे. नुसतें ‘करीन’ म्हणणें पुरेसें नाहीं; कोण, कोठें, केव्हां हें सांगितलें पाहिजे, आणि कशावर उदक सोडलें हेंहि दिसलें पाहिजे. संस्थांच्या आराखड्यांना आम्ही हीच कसोटी लावूं इच्छितों.

पाश्चात्य व्यवस्थापनशास्त्रांतील जाणते लेखकहि याहून फारसें निराळें सांगत नाहींत. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द ग्रीकांच्या सेनापतिवाचक शब्दावरून आला. तो उद्योगधंद्यांच्या चर्चेंत रुळला तो मुख्यतः गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत. अमेरिकेंतील इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनीं १९६२ सालीं ड्यू पाँ, जनरल मोटर्स यांसारख्या चार मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासून असें दाखविलें कीं, धंद्याचें धोरण बदललें म्हणजे संस्थेची घडण बदलावी लागते. १९८३ सालीं जॉर्ज केलर यांनीं हाच विचार अमेरिकन महाविद्यालयांस लागू करणारा ग्रंथ लिहिला. मायकेल पोर्टर यांनीं १९९६ मधील एका निबंधांत, काय करावयाचें नाहीं हें ठरविण्यांतच धोरणाचें सार आहे, असें प्रतिपादन केलें. आणि कॅनडांतील हेन्री मिंट्झबर्ग यांनीं १९९४ सालींच योजनाकारांना बजावलें होतें कीं, तक्ते भरणें म्हणजे धोरण आंखणें नव्हे; पुष्कळ धोरणें काम करतां करतां आकारास येतात. दुर्दैव असें कीं, या विद्वानांचे शब्द आमच्या आराखड्यांत आले आणि त्यांचा विचार वेशीबाहेरच राहिला.

या मतांची पारख करण्यासाठीं परदेशच्या कारखान्यांकडे जाण्याची गरज नाहीं. पुणें, हिंगणें आणि सातारा या तीन ठिकाणीं तीन संस्था अशा उभ्या राहिल्या कीं, त्यांच्या चालकांनीं ‘व्यवस्थापनशास्त्र’ हा शब्दहि ऐकला नसेल. पण संकल्प कसा करावा आणि उदक कशावर सोडावें हें त्यांना नेमकें ठाऊक होतें.

पहिली संस्था पुण्याची. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आतां शाळा काढणें ही कांहीं त्या काळीं नवलाची गोष्ट नव्हती. सरकारी शाळा होत्या, मिशनऱ्यांच्या होत्या, खासगीहि होत्या. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची. मग या मंडळींनीं नवें तें काय केलें? नवा होता तो शिक्षक आणि संस्था यांच्यामधला करार. शिक्षकांनींच संस्थेचे आजीव सभासद व्हावें, वीस वर्षें सेवा करण्याचें वचन द्यावें, बेताच्या वेतनावर राहावें, आणि संस्थेचा दैनंदिन कारभारहि त्यांनींच पाहावा, असा तो करार होता. गोपाळ कृष्ण गोखले याच नियमाखालीं महिना पंचाहत्तर रुपयांवर राहिले. धनी आणि चाकर हें नातेंच या योजनेनें शाळेंतून काढून टाकलें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नवोपक्रम हाच. इमारतींत नव्हे, यंत्रांत नव्हे, शिकविणाऱ्याच्या वचनांत.

या नियमाची भाषा पाहण्यासारखी आहे. ‘वीस वर्षें’ हे शब्द पंचांगावर मोजतां येतात. ‘आजीव सभासद’ म्हणजे कोण, हें बोट दाखवून सांगतां येतें. नियम मोडला तर मोडला असें कोणालाहि म्हणतां येतें. आणि म्हणूनच त्याच्या पोटीं भांडणहि जन्मास आलें. वेतनवाढ मागावी कीं नाहीं, बाहेरचें काम पत्करावें कीं नाहीं, यावरून सभासदांत तट पडले. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारलें तेव्हां वाद विकोपास गेला, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनीं संस्थेचा राजीनामा दिला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांतील ही फूट दुःखदायक होती, हें खरें. परंतु भांडण झालें याचाच अर्थ असा कीं, त्या नियमांत भांडण्याजोगें कांहीं होतें. ‘सर्वांगीण विकासास कटिबद्ध’ या शब्दांचा अर्थ लावतांना मतभेद होऊन कोणी राजीनामा दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. टिळकांसारखा पुरुष बाहेर पडला तरी संस्था मोडली नाहीं. गणित शिकविण्यासाठीं १८९१ सालीं धोंडो केशव कर्वे आले. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दिलेल्या वचनाप्रमाणें त्याच तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसनमध्यें रुजू झाले. व्यक्ति गेल्या आणि आल्या, करार टिकला. धोरण एखाद्या थोर माणसाच्या डोक्यांत असणें निराळें आणि तें नियमांत उतरणें निराळें. पहिलें त्याच्याबरोबर जातें, दुसरें मागें राहतें.

दुसरी संस्था कर्व्यांची. फर्ग्युसनच्या वचनानें घडलेल्या या गृहस्थांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, १९०० सालीं आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला, आणि कॉलेजांत शिकवून रोज पायीं तिकडे जाणें सुरू केलें. १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें. १९०८ सालीं निष्काम कर्म मठ. हा मठ म्हणजे आजीव सभासदत्वाच्या कल्पनेचीच पुढची पायरी होती. मग जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका त्यांच्या हातीं आली. आणि १९१५ सालीं सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां भाषणाच्या निमित्तानें त्यांनीं ती कल्पना लोकांपुढें मांडली. १९१६ सालीं हिंगण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झालें. विद्यार्थिनी होत्या पांच.

या विद्यापीठाचा संकल्प दोन वाक्यांत सांगतां येतो. शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें. आणि अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाची नक्कल न करितां स्त्रियांच्या त्या वेळच्या जीवनाला जुळेल असा ठेवावयाचा. या दोन्ही वाक्यांच्या उलट बोलणारीं माणसें त्या काळीं शेकड्यांनीं होतीं, आणि तीं मूर्ख नव्हतीं. इंग्रजींतून शिकल्याशिवाय पदवीला किंमत येणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें व्यवहाराला धरून होतें. स्त्रियांसाठीं वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम, हा आक्षेपहि जोरदार होता. आणि आमच्या मतें तो आजहि निरुत्तर झालेला नाहीं. कर्व्यांनीं ही किंमत जाणून-बुजून मोजली. सरकारी मान्यता, त्या मान्यतेबरोबर येणारी नोकरी आणि त्या नोकरीमुळें मिळणारी विद्यार्थिसंख्या, या तिहींवर त्यांनीं उदक सोडलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनें संस्थेस स्थैर्य आलें व तिला त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. परंतु कायद्याची मान्यता मिळावयास १९४९ साल उजाडावें लागलें. तेहतीस वर्षें ज्या संस्थेनें आपल्या निवडीची किंमत दिली, तिची निवड कोणास पटो वा न पटो. तिनें निवड केली होती एवढें तरी कबूल करावेंच लागेल.

तिसरी संस्था साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्याकडे वळण्यापूर्वीं एका कारखान्याचा उल्लेख केला पाहिजे. कारण भाऊराव त्यापूर्वीं किर्लोस्करांचे नांगर विकीत गांवोगांव हिंडले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून खपत नव्हता. गिऱ्हाइकाची भीति काढल्यावांचून नवी वस्तु घरांत शिरत नाहीं, हा धडा त्या धंद्यांत मिळण्यासारखा होता. भाऊरावांनीं तो तेथेंच घेतला असें आम्ही छातीठोक म्हणत नाहीं. पण त्यांच्या पुढच्या कामाची मांडणी पाहतां या दोन गोष्टींचें नातें नजरेआड करतां येत नाहीं.

ती मांडणी अशी. खेड्यांतला मुलगा शाळेंत कां येत नाहीं? शाळा दूर आहे, पोटाची सोय नाहीं, आणि शिकून हातचा कामाचा गडी जातो अशी बापाला धास्ती. म्हणून भाऊरावांनीं मोठी शाळा आधीं बांधली नाहीं. वसतिगृह आधीं काढलें. १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहाला १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. मग १९३५ सालीं खेड्यांतील शाळांसाठीं शिक्षक तयार करणारें अध्यापन विद्यालय निघालें. त्यानंतर गांवोगांव शाळा. १९४० सालीं सयाजीराव महाराजांच्या नांवें हायस्कूल. आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. आधीं निवारा, मग शिक्षक, मग शाळा आणि सर्वांच्या शेवटीं कॉलेज, हा क्रमच मुळीं धोरण आहे. तो कोणत्या तक्त्यांत लिहिला होता कीं नव्हता, हें विचारण्याचें कारण नाहीं. मिंट्झबर्ग ज्याला कामांतून आकारास येणारें धोरण म्हणतात, त्याचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

आणि उदक कशावर सोडलें, तेंहि पाहावें. फी देतां येत नसेल तर मुलानें अंगमेहनत करून शिकावें, या ‘कमवा व शिका’ योजनेनें संस्थेनें फीच्या उत्पन्नाकडे पाठ फिरविली. त्या काळीं कोल्हापुरास शाहू महाराजांच्या उत्तेजनानें निरनिराळ्या जातींचीं निरनिराळीं वसतिगृहें निघालीं होतीं, आणि त्यांचा उपयोगहि मोठा झाला. आपापल्या जातीच्या मुलांसाठीं पैसा देणारे दाते मिळणें सोपें होतें. साताऱ्याच्या वसतिगृहांत मात्र सर्व जातींचीं मुलें एकत्र राहिलीं, एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीस जेवलीं. अशा पंक्तीनें किती दाते हातचे गेले असतील, याची कल्पना ज्यांना त्या काळाची माहिती आहे त्यांनींच करावी.

येथें दोन आक्षेप येतील, आणि त्यांना उत्तर दिल्यावांचून हा लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. पहिला आक्षेप असा कीं, त्यागाच्या या कथा आतां पुरे झाल्या. शिक्षकानें अर्धपोटीं राहावें म्हणजे संस्था मोठी होते, हें तत्त्व चालकांच्या सोयीचें आहे. शिवाय त्या त्यागाचा मोठा वांटा घरांतल्या बायकांनीं उचलला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं वसतिगृहांतील मुलांसाठीं अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रहि दिलें. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें ‘माझें पुराण’ हें आत्मचरित्र ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना संस्थेचा हिशेब घराच्या हिशेबांत कसा उतरतो हें निराळें सांगावयास नको. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. कायद्यानें ठरलेलें वेतन हा शिक्षकाचा हक्क आहे आणि तो मिळविण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तो सोडा असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, उदक संस्थेनें सोडावयाचें असतें. त्या काळीं शिक्षक हेच संस्था होते, म्हणून त्यांनीं आपल्या वेतनावर सोडलें. आज संस्था आणि शिक्षक हे निराळे आहेत. तेव्हां संस्थेनें शिक्षकाच्या पोटावर उदक सोडलें तर त्याला त्याग म्हणतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप आराखडे लिहिणाऱ्यांच्या बाजूचा आहे. हीं माणसें स्वेच्छेनें लिहीत नाहींत. तपासणी येते, तिचे रकाने ठरलेले असतात, शब्दहि ठरलेले असतात; ते न वापरले तर गुण जातात. जॉन मेयर व ब्रायन रोवन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत हेंच सांगितलें कीं, संस्था पुष्कळदां आपली बाहेरची घडण काम चांगलें व्हावें म्हणून करीत नाहींत, तर समाजांत मान्यता मिळावी म्हणून करितात. मग ती घडण समारंभापुरती उरते आणि खरें काम तिच्यापासून फारकत घेऊन चालतें. याचा अर्थ असा कीं, रात्रीं जागून आराखडा लिहिणाऱ्या प्राध्यापकाला दोष देण्यांत हंशील नाहीं. दोष आहे तो सर्वांकडून एकाच भाषेंत उत्तर मागणाऱ्या पद्धतीचा. प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारला तर उत्तरेंहि एकाच छापाचीं येणार, आणि वेगळी वाट धरूं पाहणाऱ्या संस्थेला त्या छापांत बसण्यासाठीं आपलें वेगळेपणच कापावें लागणार. १९१६ सालीं हिंगण्याच्या पांच विद्यार्थिनींची तपासणी अशा रकान्यांनीं झाली असती, तर काय शेरा पडला असता, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

मात्र दोष पद्धतीचा म्हणून सगळेच निर्दोष ठरत नाहींत. आराखड्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं, तें पाहण्यासारखें असतें. आणि जें हटकून नसतें तें म्हणजे शिकविणाऱ्याविषयींचें वचन. आज महाराष्ट्रांतील कितीतरी महाविद्यालयांत वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांच्या जोरावर. त्यांना शिकविलेल्या तासांचा मोबदला मिळतो, सुट्टीचा मिळत नाहीं. आणि पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें त्यांनाच ठाऊक नसतें. विद्यार्थ्याचें अक्षर ओळखूं येईपर्यंत वर्ष संपतें. १८८४ सालीं वीस वर्षांच्या वचनावर उभी राहिलेली परंपरा जेथें निर्माण झाली, त्याच प्रांतांत शिक्षकाचें संस्थेशीं नातें तासावर मोजलें जावें, आणि त्याच वेळीं संस्थेच्या भिंतीवर पंचवीस वर्षांची ‘दृष्टि’ रंगविलेली असावी, ही विसंगति कोणत्याहि प्रहसनकाराला सुचली नसती. पंचवीस वर्षांचा संकल्प आणि नऊ महिन्यांचा शिक्षक! या विसंगतीला सरकारी पदभरतीचा विलंब कारण आहे, हें आम्ही जाणतों. पण मग तें तरी आराखड्यांत लिहावें कीं नाहीं? ‘आमच्या इतक्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरेपर्यंत आम्ही नवा अभ्यासक्रम सुरू करणार नाहीं’, एवढें एक वाक्य ज्या आराखड्यांत सांपडेल, तो आराखडा आम्ही आदरानें वाचूं.

चांगला आराखडा कसा असावा, हें त्यावरून सांगतां येईल. तो लहान असेल. त्यांत विशेषणें थोडीं आणि तारखा अधिक असतील. ‘येत्या पांच वर्षांत नवी शाखा काढणार नाहीं, आहेत त्या विषयांना पूर्ण वेळचे शिक्षक देऊं, ग्रंथालय रात्रीं नऊपर्यंत उघडें ठेवूं, आणि त्या खर्चासाठीं प्रवेशद्वाराची कमान बांधणें तहकूब करूं’, अशा धर्तीचीं त्याचीं वाक्यें असतील. दिसावयास हीं वाक्यें गरीब आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या उलट बोलणारा कोणीतरी संस्थेच्या बैठकींत नक्की निघेल. कमानीच्या बाजूचे निघतील, नव्या शाखेच्या बाजूचे तर पुष्कळच निघतील. तो वाद होऊन जें वाक्य शिल्लक राहील तें धोरण. नवोपक्रमाचेंहि तसेंच. एका खोलींत चार यंत्रें मांडून दारावर ‘नवोपक्रम केंद्र’ अशी पाटी लावल्यानें नवें कांहीं घडत नाहीं. आजीव सभासदाचा नियम, मातृभाषेंतील पदवी, शाळेच्या आधीं काढलेलें वसतिगृह, यांतील एकाहि गोष्टीला यंत्र लागलें नव्हतें. लागला तो जुनी सोय सोडण्याचा धीर.

वाचकांना आमची एकच विनंति आहे. पुढच्या जून महिन्यांत एखाद्या संस्थेचें गुळगुळीत पत्रक हातीं येईल, तेव्हां त्यांतील छायाचित्रें आणि विशेषणें क्षणभर बाजूला ठेवून तेथल्या माणसांना तीन प्रश्न विचारावे. माझ्या मुलीला जो शिकविणार तो पुढच्या वर्षीं येथें असेल काय? गेल्या पांच वर्षांत आपण कोणती गोष्ट करावयाची नाहीं असें ठरविलें? आणि तें ठरविल्यामुळें आपलें नुकसान काय झालें? या प्रश्नांना सरळ उत्तरें मिळालीं, तर पत्रकाचा कागद कितीहि हलका असला तरी चिंता करूं नये. उत्तरें न मिळतील तर मात्र पत्रक घडी करून ठेवावें आणि दुसरें दार पाहावें. हे प्रश्न पुरेशा घरांतून पुरेशा वेळां विचारले गेले, तर आराखडे लिहिणाऱ्यांनाहि आपले शब्द निराळे निवडावे लागतील.